वायपर फिरतात, पण काचेवर पाणीच येत नाही. मोटर बदलावी लागेल का?

तुमची हॅचबॅक सात-आठ वर्षं जुनी आहे, वायपर नीट फिरतात, वॉशरची, म्हणजे काच धुवायच्या पाण्याची, टाकी भरलेली आहे, तरी लिव्हर ओढल्यावर काचेवर थेंब येत नाही आणि गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच 'मोटर गेली' असं सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. ही मोटर, म्हणजे टाकीतलं पाणी काचेकडे ढकलणारा छोटा पंप, गेलेली असूही शकते. पण पैसे देण्याआधी पाच मिनिटं स्वतः तपासा, कारण या तक्रारीत माझा पहिला संशय नळी आणि नोझलवर (काचेवर फवारा मारणाऱ्या बारीक तोंडावर) असतो, मोटरवर नंतर.

सुरुवात कानाने करायची. इंजिन बंद ठेवा, चावी 'ऑन'ला आणा, एसीचा पंखा आणि रेडिओ बंद करा. घरातल्या कोणाला तरी लिव्हर दोन-तीन सेकंद ओढून धरायला सांगा आणि तुम्ही पुढच्या चाकाजवळ कान देऊन उभे राहा. बऱ्याच गाड्यांत टाकीचं फक्त तोंड बॉनेटखाली दिसतं, खालचा भाग बंपर आणि चाकाच्या मधे दडलेला असतो आणि मोटर त्याच्या तळाशी बसवलेली असते. तिथून बारीक घरघर ऐकू आली तर मोटर फिरते आहे. वायपर स्वतःहून हलतील, त्यांच्या आवाजाशी गल्लत करू नका.

आवाज येतोय, तर विजेचा प्रश्न मिटला. आता पाणी कुठे अडतंय किंवा सांडतंय ते शोधायचं. लिव्हर ओढलेली असताना गाडीखाली पाणी टपकलं तर नळी फाटली आहे किंवा सांध्यातून निसटली आहे. बॉनेटच्या बिजागरीपाशी आधी पाहा. बॉनेट उघडलं-मिटलं की नळी तिथे वाकते, इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होतं आणि एक दिवस तडकतं. दुसरा संशयित उंदीर. पावसाळ्यात गरम इंजिनाजवळ त्यांना बरं वाटतं, आणि या बारीक नळ्या कुरतडायला त्यांना वेळ लागत नाही. नळी नुसती निसटली असेल तर परत दाबून बसवा. चिरली असेल तर तेवढा तुकडा कापून त्याच मापाची नळी जोडा. ॲक्सेसरीच्या दुकानात ती मीटरवर मिळते.

खाली पाणी सांडत नसेल, तर बॉनेटच्या आतल्या बाजूने नोझलची नळी ओढून काढा आणि पुन्हा लिव्हर ओढायला सांगा. नळीतून जोरात पाणी आलं तर नोझल तुंबलंय. नाही आलं तर एक सांधा मागे या आणि तिथे सोडवून पाहा, मग आणखी एक सांधा मागे, थेट मोटरच्या तोंडापर्यंत. ज्या सांध्यावर पाणी पहिल्यांदा दिसेल, त्याच्या लगेच पुढच्या तुकड्यात अडथळा आहे. ही रीत सगळ्या गाड्यांना चालते आणि हिला कुठलंही यंत्र लागत नाही.

वाटेत काही गाड्यांत एक छोटा एकमार्गी वाल्व्ह लागतो. पाणी उलटं टाकीत उतरू नये म्हणून तो असतो. तो चिकटून बसला की पाणी अडतं, आणि उघडाच राहिला तर लिव्हर ओढल्यावर पाणी उशिरा येतं. तो काढलात तर त्यावरच्या बाणाची दिशा पाहून ठेवा. उलटा बसवला तर पाणी येणारच नाही.

नोझल का तुंबतं? धूळ, गाडीला लावलेलं पॉलिश, आणि सगळ्यात जास्त बोअरचं क्षारयुक्त पाणी. काहीजण आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून वॉशरच्या टाकीत ओततात. पाणी वाचवण्याचा हेतू चांगलाच, पण फिल्टरने गाळून टाकलेले क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात. ते झाडलोटीला वापरा. वॉशरला फिल्टरचं प्यायचं पाणी किंवा डिस्टिल्ड वॉटर घाला आणि त्यात गाडीच्या दुकानातलं वॉशर लिक्विड बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळा. भांडी घासायचा साबण नको, काचेवर फेस आणि डाग राहतात.

साफ करताना आधी नोझलचा प्रकार पाहा. बारीक धार मारणारं, आत छोटी गोळी असलेलं नोझल असेल तर शिवणाची सुई हलक्या हाताने घालून चालतं, आणि त्याच सुईने गोळी फिरवून धारेची दिशाही लावता येते. पंख्यासारखा पसरट फवारा मारणारं असेल तर त्यात सुई घालू नका, आतली घडण बिघडली तर फवारा पुन्हा तसा येत नाही. असं नोझल काढून कोमट पाण्यात पांढरं व्हिनेगर घालून तासभर बुडवून ठेवा, मग नळीच्या बाजूने साधं पाणी सोडून धुवा. क्षार विरघळतात.

आता दुसरी बाजू: आवाजच येत नाही. तुमच्या गाडीला मागच्या काचेचा वॉशर असेल तर आधी तो चालवून पाहा. अनेक हॅचबॅकमध्ये पुढे-मागे मिळून एकच मोटर असते. ती एका दिशेला फिरली की पुढे पाणी जातं, उलट फिरली की मागे. तुमच्या गाडीत अशी एकच मोटर असेल आणि मागे पाणी येत असेल तर मोटर बदलण्याचं बोलणं तिथेच थांबवा. मग दोष लिव्हरच्या स्विचमध्ये किंवा वायरमध्ये असणार. मागेही शुकशुकाट असेल तर फ्यूज पाहा. वॉशरचा फ्यूज कुठला ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. काही गाड्यांत वायपर आणि वॉशर एकाच फ्यूजवर असतात. तसं असेल तर तुमचे वायपर चालतात त्याअर्थी फ्यूज शाबूत आहे. वेगळा असेल आणि उडालेला असेल तर तितक्याच अँपिअरचा नवा घाला, मोठा कधीच नाही. तोही लगेच उडाला तर वायर कुठेतरी घासून शॉर्ट होते आहे किंवा मोटर आत अडकली आहे.

फ्यूज ठीक असेल तर मोटरचा प्लग काढा. त्यासाठी बऱ्याचदा चाकावरचं प्लास्टिकचं आवरण थोडं सैल करावं लागतं. प्लगच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर त्या घासून साफ करा, कधीकधी काम तिथेच होतं. नंतर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं छोटं यंत्र) डीसी व्होल्टवर ठेवून प्लगमध्ये लावा आणि लिव्हर ओढायला सांगा. 12 व्होल्टच्या आसपास आकडा आला आणि तरी मोटर गप्प, तर गॅरेजवाला बरोबर आहे. आकडाच आला नाही, तर नव्या मोटरनेही काही होणार नाही. वायर किंवा लिव्हरचा स्विच तपासायला सांगा.

मोटर बदलायचीच ठरली तर ती स्क्रूने नाही, टाकीच्या भोकातल्या रबरी बुचात दाबून बसवलेली असते. ओढली की टाकीतलं सगळं पाणी खाली येतं, बादली ठेवा. त्याच वेळी बुचाजवळची जाळी पाहा. तिथे शेवाळासारखा बुळबुळीत थर साचतो आणि मोटर चांगली असूनही पाणी ओढत नाही. टाकी दोन-तीनदा खळखळून धुवा. नवी मोटर घेताना जुनी सोबत न्या आणि तोंडं एक की दोन ते जुळवून पाहा. बसवल्यावर पुढची लिव्हर ओढून पाणी मागे गेलं तर घाबरू नका, नळ्यांची अदलाबदल करा.

दुरुस्ती होईपर्यंत कोरड्या टाकीवर लिव्हर ओढत बसू नका, आणि धुळीच्या कोरड्या काचेवर वायपरही फिरवू नका, रबराखाली धूळ घासून काचेवर ओरखडे येतात. पाण्याची बाटली गाडीत ठेवा. टाकी भरताना झाकणावरचं काच-फवाऱ्याचं चिन्ह बघूनच ओता, शेजारीच कूलंटची टाकी असते.

गाडीचं मॉडेल, मोटरचा आवाज येतो का आणि मागच्या काचेवर पाणी येतं का, एवढं खाली लिहा. त्यावरून पुढचं सांगता येईल.