रीलमधले दंड आणि आपले दंड

प्रश्न : दादा, वय 23, वजन 58, चाकणला कंपनीत शिफ्टमधे आहे. आठ महिने झाले जिम करतोय. इन्स्टावर एकाचा '30 दिवसांत 10 किलो मसल' वाला प्लॅन 1,499 ला घेतला, सहा दिवस, रोज पंचवीस सेट. यूट्यूबवर दुसरा म्हणतो तीनच दिवस कर, नाहीतर ओव्हरट्रेनिंग होतं. जिममधला ट्रेनर म्हणतो दोघंही येडे आहेत. बॉडी तर तिघांचीही भारी आहे, मग मानायचं कोणाचं?
– एक वाचक, चाकण

उत्तर : मित्रा, 'बॉडी तर तिघांचीही भारी आहे' हे वाक्य मी दोनदा वाचलं, सगळी गोची तिथंच आहे. बॉडी भारी म्हणजे सल्ला भारी असं आपण धरून चालतो, मी पण चालायचो. नव्वदच्या दशकात रद्दीवाल्याकडून फॉरेनची मासिकं आणायचो आणि त्यातल्या चॅम्पियनचं चेस्टचं वेळापत्रक जसंच्या तसं मारायचो, वीस वीस सेट, खायला वरण-भात, झोप सहा तास. तीन महिन्यांत छाती होती तेवढीच राहिली आणि उजवा खांदा असा धरला की शर्टाची बाही चढवायला आई लागायची.

1996 ला अमेरिकेत 43 पुरुषांवर केलेला एक प्रयोग छापून आला, तो मला फार उशिरा वाचायला मिळाला. 10 आठवडे, काहींना दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, स्टेरॉइडच ते, काहींना नुसतं खोटं, औषध नसलेलं इंजेक्शन, त्यात परत काही व्यायाम करणारे आणि काही न करणारे. खोटं इंजेक्शन घेऊन इमानदारीत वजनं उचलणाऱ्यांचं चरबी सोडून वजन वाढलं साधारण 2 किलो. आणि खरं इंजेक्शन घेऊन हातपाय न हलवलेल्यांचं 3 किलोच्या वर. बसल्या जागी! दोन्ही केलं त्यांचं 6. आता असं इंजेक्शन घेणाऱ्या माणसानं सांगितलं की मी डंबेल असं तिरकं धरतो म्हणून माझा दंड असा झाला, तर तो खोटंच बोलतोय असं नाही रे, त्यालाही कळत नसतं कशानं काय झालं. अर्थात खोटं बोलणारेही आहेतच, तो लिव्हर किंग आठवतो का, दाढीवाला, कच्चं काळीज खा सांगत सप्लिमेंट विकायचा, स्टेरॉइडला हात लावत नाही म्हणायचा, डिसेंबर 2022 मधे कबूल केलं त्यानं.

तुझ्या 30 दिवसांच्या प्लॅनचा आजोबा 1973 सालचा आहे, तो किस्सा सांगतोच. अमेरिकेतलं कोलोरॅडो, महिना मे. आर्थर जोन्स नावाचे गृहस्थ नॉटिलस नावाची व्यायामाची मशीन बनवून विकायचे, त्यांनी केसी व्हिएटर या बॉडीबिल्डरला त्या मशीनवर घेतलं. 28 दिवस, सगळे मिळून 14 वर्कआउट, एकेक अर्ध्या तासाचा. वजन साधारण 76 किलोवरून 96 किलोवर, चरबी उलट कमी झाली, म्हणून दावा असा की 63 पाउंड म्हणजे साडेअठ्ठावीस किलो मसल चढलं. मोजमाप युनिव्हर्सिटीत झालेलं, म्हणजे आकडे हवेतून काढलेले नव्हते. मग गोम कुठंय? व्हिएटर 1971 लाच, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मिस्टर अमेरिका झालेला होता. 1973 च्या जानेवारीत कामावर अपघातात बोटाचा तुकडा गेला, धनुर्वाताच्या इंजेक्शनची जबरदस्त रिअ‍ॅक्शन आली, खाणं गेलं, व्यायाम सुटला, गडी वाळून गेला, आणि त्यानंतर प्रयोगाचा पहिला दिवस उजाडला. बुजलेली विहीर उपसणं वेगळं आणि कोरड्या रानात नवी खणणं वेगळं. तेव्हापासून मी असले जोडफोटो बघताना 'आफ्टर' बघतच नाही, 'बिफोर' बघतो : पोरगं आजारातून उठलंय का, दोन वर्षांच्या सुट्टीनंतर परत आलंय का, पोट मुद्दाम पुढं काढलंय का, आणि हो, दुसऱ्या फोटोत लाइट वरून कोणी मारलाय.

तुझ्यासाठी साधा हिशोब. 10 किलो म्हणजे तुझ्या अंगाचा जवळपास सहावा हिस्सा, तो महिन्यात येत नाही. नव्या पोराला नीट खाऊन-झोपून महिन्याला किलोभर मसल आलं तरी मी पेढे वाटीन. पंचवीस सेटला मधल्या विश्रांतीसकट तीन-तीन मिनिटं धर, सव्वा तास झाला, वॉर्मअप वेगळा, आठवड्यातून सहा वेळा, नाइट शिफ्टवरून येऊन. त्या पीडीएफनं तुला शिफ्ट विचारली का? आज स्क्वॉट किती मारतोस, पुढच्या आठवड्यात वजन कधी आणि किती वाढवायचं, गुडघा दुखला तर काय करायचं, हे लिहिलंय का त्यात? नसेल तर तो प्लॅन तुझ्यासाठी बनवलेलाच नाही, सगळ्यांना तोच गेलाय.

तीन दिवस का सहा, हे भांडण व्ह्यूजसाठी आहे. एकेका मसलला आठवड्यात दहाएक जोर लावलेले सेट दोन वेळा वाटून मिळाले की तुझ्यासारख्याचं भागतं, ते तीन-चार दिवसांत आरामात बसतं. दोनशे पानी वही घे, तारीख, वजन, रेप्स (एका सेटमधे किती वेळा उचललं) लिही. आज बेंचला 40 किलोचे 8 रेप्स असतील आणि दोन महिन्यांनी पण 40 चे 8 च असतील तर तो सल्ला तुझ्यासाठी फेल, मग देणारा कितीही फुगलेला असो. प्रोटीन किलोमागे 1.6 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुला नव्वद-पंच्याण्णव ग्रॅम पुरे, 200 च्या वर सांगणाऱ्याला बहुतेक डबा विकायचा असतो. आणि ट्रेनर तुझा स्क्वॉट समोर उभा राहून बघतो का तेवढं बघ, बघत असेल तर तिघांत मी आधी त्याचं ऐकीन.

प्रश्न : प्रोटीनच्या डब्यावर एफएसएसएआयचा नंबर आहे आणि एका मोठ्या इन्फ्लुएन्सरचा कूपन कोड पण आहे, म्हणजे माल ओरिजिनल ना?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : एफएसएसएआय म्हणजे खाण्याच्या मालावर लक्ष ठेवणारं सरकारी खातं, त्यांचा तो 14 आकडी नंबर म्हणजे कंपनीकडं धंद्याचं लायसन्स आहे, स्कूपमधे 24 ग्रॅम प्रोटीन खरंच आहे का हे त्यावरून कळत नाही. 2024 मधे छापून आलेल्या एका तपासणीत भारतात विकल्या जाणाऱ्या 36 पावडरी बघितल्या, 25 मधे लेबल आणि आतला माल जुळेना. साध्या टेस्टमधे मोजतात नायट्रोजन, म्हणून स्वस्तातलं ग्लायसिन नाहीतर टॉरिन ढकललं की आकडा फुगतो, घटकांच्या यादीत ही नावं वेगळी लिहिलेली दिसली की डबा खाली ठेव. राहिला कूपन कोड, त्यात तुला दहा टक्के सूट मिळते आणि सहसा त्यालाही काहीतरी मिळतं. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआयनं ऑगस्ट 2023 पासून सांगितलंय की आरोग्याचा सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरनं आपलं शिक्षण दाखवायचं, त्याच्या व्हिडिओत कुठं दिसतंय का शोध बरं.

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा आहे. त्याच्या जिमच्या बॅगेत सिरिंज आणि छोटी काचेची बाटली सापडली, वर मेफेन्टरमाइन लिहिलंय. म्हणतो, 'आई, प्री-वर्कआउट आहे, सगळे घेतात, ऑनलाइन बघ.' काय करू?
– एक आई, ठाणे

उत्तर : ताई, हे प्री-वर्कआउट बिलकुल नाही. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब खाली गेला तर तो वर आणायला हे वापरतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही. धडधाकट पोरानं घेतलं की बीपी आणि ठोके उगाच वर जातात, अंगात जोर आल्यासारखं वाटतं आणि सवय लागते. आरडाओरडा करू नका, म्हणजे करावासा वाटणारच, पण मग तो लपवायला शिकेल. याच आठवड्यात त्याला घेऊन एमडी डॉक्टरांकडं जा, ईसीजी आणि बीपी बघायला सांगा, सिरिंज कोणाबरोबर वाटून घेतली का तेही विचारा, घेतली असेल तर रक्त तपासायला लागेल. छातीत दुखलं किंवा धडधड थांबेना तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टीत. जिमवाल्याशी भांडायला नंतर जा. आणि ती बाटली फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला लागेल.