नाळेचे तुकडे तरंगतात, पेशी येतच नाहीत

प्रश्न: प्रोजेक्टसाठी नाळेतून स्टेम सेल वाढवते आहे. दहा दिवस झाले, तुकडे मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) नुसते तरंगताहेत. काय चुकलं?

उत्तर: तरंगणं हीच चूक. या पेशी तुकड्यातून सरपटत बाहेर येतात आणि प्लास्टिकला धरून वाढतात. तुकडा तळाला चिकटलाच नाही, तर त्या उतरणार कुठे?

नाळ उभी चिरून दोन धमन्या आणि एक शीर ओढून काढा. त्या राहिल्या तर रक्तवाहिन्यांच्या पेशीही डिशमध्ये वाढू लागतात. उरलेल्या बुळबुळीत व्हार्टन्स जेलीचे १-२ मिमीचे तुकडे करा, कोरड्या डिशमध्ये सुटे सुटे मांडा आणि झाकण लावून १०-१५ मिनिटं तसेच ठेवा. तुकड्यावरची ओली चकाकी मात्र जाऊ देऊ नका, सुकलेल्या तुकड्यातून काही येत नाही. मग कडेने, थेंबाथेंबाने, तुकडे जेमतेम भिजतील एवढंच मीडियम सोडा (कमी ग्लुकोजचं डीएमईएम हे तयार पोषक द्रव, १० टक्के सीरम, अँटिबायोटिक). बाकीचं दुसऱ्या दिवशी. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि इन्क्युबेटरमधल्या ट्रेमध्ये पाणी हवंच.

पहिले तीन दिवस डिश हलवू नका. रोज काढून मायक्रोस्कोपखाली बघण्याचा मोह होतो, आणि तेवढ्या हेलकाव्यानेही तुकडे सुटतात. तुकड्याच्या कडेला चातीसारख्या निमुळत्या पेशी साधारण ७ ते १४ दिवसांत दिसतात, त्यामुळे दहाव्या दिवशी चिकटलेली डिश फेकू नका. तळ ७०-८० टक्के भरला की पीबीएसने (पेशींना मानवणाऱ्या मिठाच्या द्रावणाने) धुऊन ०.२५ टक्के ट्रिप्सिन, म्हणजे पेशी तळापासून सोडवणारं एन्झाइम, २-३ मिनिटं द्या आणि सुटलेल्या पेशी नव्या डिशमध्ये हलवा; या हलवण्याला पॅसेज म्हणतात. धुणं टाळलंत तर उरलेलं सीरम ट्रिप्सिनला निकामी करतं.

नाळ शक्यतो सिझेरियनची घ्या, जंतूंचा त्रास कमी होतो. आईची लेखी संमती आणि एथिक्स कमिटीची मंजुरी नाळ आणण्याआधीच हवी.

प्रश्न: वाढलेल्या पेशी स्टेम सेलच आहेत, हे कसं ओळखायचं?

उत्तर: नुसत्या आकारावरून नाही, साध्या फायब्रोब्लास्ट (ऊतींना आधार देणाऱ्या पेशी) तशाच दिसतात. २००६ साली ठरलेले निकष लावा: पेशी प्लास्टिकला चिकटाव्यात, सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ हे मार्कर (पेशीच्या पृष्ठभागावरची ओळखखूण असलेली प्रथिनं) किमान ९५ टक्के पेशींवर दिसावेत, सीडी४५, सीडी३४ यांसारखे रक्तपेशींचे मार्कर २ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, आणि डिशमध्ये त्यांच्यापासून हाड, चरबी व कूर्चा तयार व्हावी. शेवटच्या चाचणीला जवळपास तीन आठवडे लागतात. म्हणून दुसऱ्या पॅसेजच्या पेशींच्या एक-दोन व्हायल (कुप्या) १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशी वाचवणाऱ्या द्रावकात) आधीच गोठवून ठेवा.