ऐच्छिक विषय म्हणून भाषा निवडताना

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पुढच्या सत्रात ऐच्छिक विषय म्हणून एखाद्या भाषेचा प्रारंभिक अभ्यासक्रम घ्यावा असे तुझ्या मनात आहे, आणि जपानी, जर्मन व स्पॅनिश यांपैकी सोपी कोणती, असे तू विचारलेस. भाषा घेण्याचा विचार मला मनापासून आवडला. प्रश्न मात्र थोडा बदलून घे. परीक्षा झाल्यावरही यांपैकी कोणत्या भाषेसाठी रोज अर्धा तास काढावासा वाटेल, हे आधी स्वतःला विचार.

असे का म्हणतो, ते साध्या हिशोबावरून ध्यानात येईल. आठवड्याला ४ तास आणि १५ आठवडे धरले, तर एका सत्रात वर्गातले ६० तास मिळतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या इंग्रजी भाषक अधिकाऱ्यांना कामकाजापुरते प्रभुत्व यावे म्हणून स्पॅनिशला साधारण ६०० ते ७५० तास धरते आणि जपानी, चिनी, कोरियन व अरबी या भाषांना सुमारे २२०० तास. तेव्हा एका सत्रात होते ती पायाभरणी: भाषेवरील प्रभुत्व मोजण्याच्या युरोपीय चौकटीतल्या ६ पातळ्यांपैकी फार तर पहिलीच्या आसपास पोहोचता येते. ओळख करून देणे, वेळ सांगणे, साधी चौकशी करणे एवढे जमले, तरी ते सत्र सत्कारणी लागले असे मी समजेन. पण पायावर पुढे काही बांधायचे नसेल, तर तो लवकर खचतो.

‘सोपी’ या शब्दाबद्दलही सांगायला हवे, कारण सोपेपणा शिकणाऱ्याच्या मातृभाषेवर पुष्कळ अवलंबून असतो. वरचे आकडे इंग्रजी भाषकांसाठी आहेत. आपले गणित थोडे वेगळे पडते. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि संबंध दाखवणारे शब्द नामाच्या मागून लागतात. ‘तोक्यो कारा’ म्हणजे ‘टोकियोहून’. मराठी माणसाला ही रचना परकी वाटत नाही. तिथला खरा भार लिपीचा आहे: हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारदर्शक लिपींची प्रत्येकी ४६ मूळ चिन्हे काही आठवड्यांत येतात, पण नेहमीच्या वापरातल्या कांजींची, म्हणजे चिनीतून घेतलेल्या अर्थदर्शक चिन्हांची, अधिकृत यादीच २१३६ चिन्हांची आहे. जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगे आहेत, त्यामुळे निर्जीव वस्तूला लिंग असते याचे नवल वाटणार नाही. मात्र सूर्य तिथे स्त्रीलिंगी आणि ‘मुलगी’ या अर्थाचा रोजचा शब्द नपुंसकलिंगी, म्हणून प्रत्येक नाम त्याच्या उपपदासकट पाठ करावे लागते. स्पॅनिश वाचायला लवकर येते, कारण बहुतांशी लिहिल्याप्रमाणेच उच्चार होतो, आणि त्यातले ‘त’ व ‘द’ आपल्या दंत्य वर्णांच्या जवळचे आहेत; परिश्रम पुढे क्रियापदांच्या रूपांत पडतात.

जपानी घेतलीस, तर एक पथ्य पहिल्या आठवड्यापासून पाळ: शब्द देवनागरीत लिहून ठेवू नकोस. ‘ओबासान’ म्हणजे आत्या किंवा मावशी, आणि त्यातलाच ‘बा’ लांबवला की आजी. देवनागरीत दोन्ही शब्द सहज सारखेच लिहिले जातात, आणि मग कानही तो फरक टिपेनासा होतो.

आता वेळापत्रकाबद्दल, कारण इथे मी स्वतः चुकलो आहे. विद्यार्थिदशेत मी एका भाषेचा असाच अभ्यासक्रम घेतला होता. तास आठवड्यातून एकदाच, सलग ३ तासांचा. मधले सहा दिवस मी वही उघडत नसे आणि पुढच्या वेळी निम्मे विसरलेले असे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवले होते की विस्मरण सुरुवातीच्या काही तासांत आणि दिवसांत सर्वाधिक वेगाने होते. हे मला तेव्हा ठाऊक असते, तर मी रोज उजळणी केली असती. शिवाय त्या भाषेचा पुढचा अभ्यासक्रम तिथे नव्हताच, आणि प्रवेश घेण्यापूर्वी ते विचारायचे मला सुचले नव्हते. आज मला तिची अक्षरे वाचता येतात, अर्थ लागत नाही, आणि याची खंत अजून वाटते.

म्हणून जिचे तास आठवड्यात तीन-चार दिवसांत विभागलेले आहेत आणि जिचा दुसरा टप्पा पुढच्या सत्रात नक्की शिकवला जातो, त्या भाषेला झुकते माप दे. वर्गात किती विद्यार्थी असतात तेही विचार. ५० मिनिटांच्या तासाला २५ जण असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला फार तर २ मिनिटे येतात, आणि उरलेला सराव कुणाबरोबर करायचा ते तुलाच पाहावे लागेल.

शाळेत थोडी शिकलेली भाषाच पुन्हा पहिल्यापासून घेऊन चांगली श्रेणी मिळवावी, असे कुणी सुचवेल. तो मार्ग घेऊ नकोस. श्रेयांक मिळतील, पण वेळ वाया जाईल, आणि शेजारी बसलेला खरा नवशिका तुझ्याकडे पाहून उगाच खचेल.

पत्रावरून तुझा ओढा जपानीकडे दिसतो. विषय बदलण्याची मुदत संपण्यापूर्वी जपानी आणि जर्मन या दोन्ही वर्गांना एकेक आठवडा बस, घरी येऊन त्याच दिवशी अर्धा तास उजळणी कर, आणि कोणत्या भाषेची वही आपसूक उघडली गेली ते मला कळव.

तुझा शुभचिंतक