अमेरिकेतल्या काउंटीचं करउत्पन्न घटलं, तर ती बजेट कसं सांभाळते?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. मंदीत कर कमी जमा झाला तर काउंटी काय करते, कर्ज काढून वेळ का मारून नेत नाही, आणि आपल्या जिल्हा परिषदेसारखं तिला वरून अनुदान मिळत नाही का? मी अमेरिकेतल्या एका काउंटीच्या बजेट विभागात काम करते, त्यामुळे आतून जसं दिसतं तसं सांगते.

अनुदान मिळतं, पण ते बहुतेक वेळा ठरावीक कामाला बांधलेलं असतं. कर्जाचं म्हणाल तर पूल, इमारती, सांडपाण्याच्या वाहिन्या यांच्यासाठी बाँड काढता येतात. वसुली होईपर्यंत काही महिन्यांची उसनवारीही चालते. पगार, वीजबिल, कैद्यांचं जेवण असला रोजचा खर्च मात्र जमेतूनच भागवावा लागतो. वर्षानुवर्षं तूट ओढत नेणं वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारला परवडतं, काउंटीला नाही.

खरी गोम पुढेच आहे. बजेटचा एकूण आकडा बघून लोक बजेटच्या जाहीर सुनावणीला येऊन विचारतात, “एवढा पैसा आहे, मग वाचनालयाची वेळ का कमी केली?” त्या आकड्यातला मोठा भाग हलवताच येत नाही. सांडपाण्याची फी सांडपाण्यावरच खर्च करायची, रस्त्यांचा पैसा रस्त्यांवरच. मोकळा पैसा असतो तो ‘जनरल फंडा’त, आणि त्यातूनही तुरुंग, शेरीफ म्हणजे काउंटीचे पोलीस, निवडणुका ही कामं करावीच लागतात, कारण ती कायद्याने काउंटीच्या गळ्यात आहेत. एवढं सगळं वजा जाता उरतात वाचनालयं, बागा, दाखले आणि परवान्यांच्या खिडक्या, इमारतींची डागडुजी. उत्पन्नात घट 6 टक्क्यांची असली, तरी ती सगळी या छोट्या तुकड्यातून काढायची म्हटल्यावर तिथे पाव हिस्सा उडू शकतो.

मंदीचा फटका एकदम बसत नाही, हेही लक्षात घ्या. विक्रीकर लगेच घसरतो. मालमत्ता कर आधीच्या मूल्यांकनावर आकारला जात असल्यामुळे तो मागून घसरतो. 2008 च्या आसपास घरांच्या किमती कोसळल्या, पण कित्येक काउंट्यांना मालमत्ता कराची झळ 2010-11 च्या सुमाराला लागली. हा मधला काळ तयारीचा. पण आकडे अजून बरे दिसत असताना कात्री लावायला कमिशनर, म्हणजे काउंटीचा कारभार बघणारे निवडून आलेले सदस्य, सहसा तयार होत नाहीत.

कात्री लागते तेव्हा सुरुवात रिकाम्या जागांपासून होते. निवृत्त झालेल्याच्या जागी माणूस भरायचा नाही, नव्या गाड्या पुढच्या वर्षी, प्रशिक्षण बंद, छपराची दुरुस्ती लांबणीवर. मग गंगाजळी. दोन महिन्यांच्या खर्चाइतकी तरी रक्कम शिल्लक असावी, असा इथल्या सरकारी वित्त अधिकाऱ्यांच्या संघटनेचा सल्ला आहे. पण तो पैसा एकदाच वापरता येतो आणि तूट दरवर्षी येते, त्यामुळे नुसत्या गंगाजळीवर निभावलं तर तिसऱ्या वर्षी पंचाईत ठरलेली. त्यानंतर बिनपगारी रजा, आणि शेवटी नोकरकपात.

सगळ्या खात्यांना सरसकट 5 टक्के कात्री लावणं मला मुळीच पटत नाही. काटकसर करणारं खातं त्यात भरडलं जातं, आणि बाकीचे पुढच्या वर्षी मागणी फुगवूनच पाठवतात. मूल्यांकन खात्यातली माणसं कमी करणं तर त्याहून वाईट. घरांच्या किमती पडल्या की ‘माझं मूल्यांकन कमी करा’ म्हणणाऱ्या अर्जांचा ढीग याच खात्यात येतो. तिथे नीट बाजू मांडायला कोणी नसेल, तर उरलेला करही हातचा जातो.

करच वाढवला तर? तो अधिकार बऱ्याचदा काउंटीच्या हातात नसतो. कॅलिफोर्नियात 1978 च्या ‘प्रपोझिशन 13’ने मालमत्ता कराचा मूळ दर 1 टक्क्यावर बांधून टाकला. अलाबामात बहुतेक बाबतीत काउंटीला राज्याच्या विधिमंडळाकडे बघावं लागतं, आणि त्याचे परिणाम बर्मिंगहॅम शहर ज्या जेफरसन काउंटीत येतं तिने भोगले.

जेफरसन काउंटी पगारावर स्थानिक कर घ्यायची. आपल्या प्रोफेशनल टॅक्सच्या जातकुळीतला, फक्त त्याला आपल्यासारखी वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा नव्हती. जनरल फंडाचा तो मोठा आधार होता. विधिमंडळाने त्याचा कायदा 1999 मध्येच रद्द केलेला, तरी वसुली चालू होती. 2009 च्या जानेवारीत न्यायालयाने हा कर अवैध ठरवला. ऑगस्टमध्ये सुमारे हजार कर्मचारी बिनपगारी रजेवर गेले आणि गाडीच्या नोंदणीसाठी कोर्टहाउसबाहेर, म्हणजे काउंटीच्या कार्यालयांच्या इमारतीबाहेर, रांगा लागल्या. विधिमंडळाने घाईघाईने नवा कर मंजूर केला, पण त्याची जाहीर सूचना नियमाप्रमाणे दिली नव्हती म्हणून 2011 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तोही रद्द केला. पुन्हा शेकडो माणसं घरी, बाहेरच्या भागांतली कार्यालयं बंद.

सांडपाणी योजनेचं 3 अब्ज डॉलरहून जास्त कर्ज डोक्यावर होतंच. त्यात भ्रष्टाचार होता, बँकांचे महागडे करारही होते. ती कथा वेगळी सांगावी लागेल. नोव्हेंबर 2011 मध्ये काउंटीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हापर्यंतची अमेरिकेतल्या स्थानिक सरकारची ती सर्वात मोठी दिवाळखोरी, पुढे 2013 मध्ये डेट्रॉइटने तिला मागे टाकलं. 2012 च्या अखेरीस गरिबांसाठीच्या कूपर ग्रीन रुग्णालयात रुग्ण दाखल करून घेणं थांबलं. डिसेंबर 2013 मध्ये काउंटी दिवाळखोरीतून बाहेर आली, पण सांडपाण्याचे दर पुढे वर्षानुवर्षं वाढवत राहण्याच्या अटीवर.

दिवाळखोरीचा दरवाजाही राज्याने परवानगी दिली असेल तरच उघडतो, आणि सगळी राज्यं ती देत नाहीत. तुम्ही स्वतः इथे राहत असाल, तर तुमच्या काउंटीच्या बजेटमध्ये एकूण आकडा सोडून जनरल फंडाचं पान काढा. गंगाजळी सलग दोन वर्षं घटली आहे का आणि किती मंजूर जागा रिकाम्या आहेत, एवढंच बघा. जाहीर सुनावणीत यावर प्रश्न विचारता येतो, आणि माझा अनुभव असा की तिथे फारसं कोणी फिरकत नाही.