नग्न छायाचित्रांचे परीक्षण कसे करावे, आणि या वाटेने करिअर होते का?

प्रश्न : मी २४ वर्षांचा असून कोल्हापुरात उपयोजित कलेची पदवी घेतली आहे आणि सध्या लग्नसमारंभांच्या छायाचित्रणावर माझे भागते. गेल्या वर्षभरात मी काढलेली सहा नग्न छायाचित्रे सोबत पाठवत आहे. त्यांतील चार माझ्या २७ वर्षांच्या चित्रकार मैत्रिणीची आणि दोन तालमीत जाणाऱ्या २६ वर्षांच्या मित्राची आहेत. फोटो क्लबात ती दाखवली तेव्हा मित्राच्या छायाचित्रांतील प्रकाशाचे, पाठीच्या स्नायूंचे आणि चौकटीचे सर्वांनी कौतुक केले. मैत्रिणीच्या छायाचित्रांना एकाने ‘सुरेख’ म्हटले, तर दुसऱ्याने ‘सवंग’. कारण मात्र कोणीच सांगितले नाही. ही छायाचित्रे सुधारायची कशी, आणि या क्षेत्रात करिअर होऊ शकते का? घरी अजून काही सांगितलेले नाही.

उत्तर : तुमच्या क्लबातील मंडळींनी मित्राच्या छायाचित्रांविषयी बोलताना प्रकाशाबद्दल, पाठीच्या स्नायूंबद्दल आणि चौकटीबद्दल मते दिली, आणि मैत्रिणीच्या छायाचित्रांची वेळ आली तेव्हा चर्चा छायाचित्रावरून त्या मुलीवर गेली, असे तुमच्या पत्रावरून दिसते. कोल्हापुरात उघड्या अंगाचा पैलवान लहानपणापासून डोळ्यांसमोर असल्यामुळे त्याच्या शरीराकडे आकार म्हणून पाहण्याची सवय प्रत्येकाला असते; स्त्रीच्या शरीराकडे तसे पाहण्याची सवय मात्र कोणी लावलेली नसते. म्हणून ‘सुरेख’ आणि ‘सवंग’ हे दोन्ही शेरे मी सारखेच निरुपयोगी मानतो. दोन्ही शरीरांना जे प्रश्न सारखेच लागू पडतात, तेवढेच परीक्षणात विचारावेत : प्रकाश कुठून आला आणि तो तेथूनच का आला, चौकट कुठे तोडली, नजर प्रथम कुठे जाते, आणि समोरच्या व्यक्तीने स्वतः काही केले आहे की ती नुसती ठेवलेली आहे. थोडक्यात, चौकटीतील कोणती गोष्ट तुम्ही ठरवून केली आणि कोणती आपोआप राहून गेली, हे तपासायचे आहे.

या कसोटीवर तुमच्या मित्राची दोन्ही छायाचित्रे सरस आहेत. खिडकीचे ऊन एका बाजूने घासत येते, खांद्याच्या फऱ्यापासून कमरेपर्यंतचा उतार एकेका छटेने उलगडतो आणि सावलीच्या बाजूलाही थोडा तपशील शिल्लक राहतो. मैत्रिणीच्या छायाचित्रांत हाच छायाचित्रकार बिचकलेला दिसतो. पहिल्या छायाचित्रातील तीनचतुर्थांश शरीर काळोखात गेले आहे. तो काळोख आकाराची गरज म्हणून आलेला नाही, तर झाकण्यासाठी आला आहे, हे लगेच कळते. कारण उजेडात राहिलेल्या भागाला काही बांधणी नाही. तांत्रिकदृष्ट्या असे झाले असावे की काळ्या पडद्यापुढे कॅमेऱ्याचे उजेड मोजणारे मीटर फसले, पडदा करडा करण्याच्या नादात त्याने त्वचा उजळवून टाकली, आणि तुम्ही घाबरून एक्सपोजर (कॅमेऱ्यात शिरणारा उजेड) इतके उतरवले की गव्हाळ त्वचेच्या मधल्या छटा मेल्या. अशा वेळी पडद्याचे मोजमाप घेऊ नये. त्वचेवरचा उजेड मोजावा, आणि सावलीच्या बाजूला पांढरा थर्माकोल हळूहळू जवळ आणत कडा दिसू लागेल तिथे थांबावे.

दुसऱ्या छायाचित्रात पाय घोट्यावर तुटला आहे. चौकटीची कड सांध्यावर आली की अवयव छाटल्यासारखा वाटतो. ती पोटरीच्या किंवा मांडीच्या मध्यावर आणावी, नाहीतर संपूर्ण पाऊल घ्यावे. तिसऱ्यात पाठमोरी बसलेली आकृती चांगली आहे, पाठीचा कणा किंचित वळल्यामुळे जिवंतही झाली आहे. परंतु कमरेवर इलॅस्टिकचा वळ उमटला आहे आणि डाव्या भिंतीवर विजेचा स्विचबोर्ड आहे. पाहणाऱ्याची नजर त्या दोहोंत येरझाऱ्या घालते आणि पाठ राहून जाते. छायाचित्रणाआधी दीडदोन तास सैल कपडे घालायला सांगावे, म्हणजे वळ मावळतात. चौथ्यात चेहरा कॅमेऱ्याकडे असून ओठांवर ‘इकडे बघा’ म्हटल्यावर येते तसले मांडवातले हसू आहे. (लग्नाच्या कामातून ही सवय लागलेली दिसते आणि त्या कामात ती उपयोगीच आहे.) येथे मात्र कपडे नाहीत आणि चेहरा समारंभातला आहे, असा विजोड प्रकार होतो, आणि क्लबातील ज्या गृहस्थांना हे छायाचित्र सवंग वाटले त्यांना बहुधा हेच खटकले असावे, जरी ते त्यांना सांगता आले नाही. शिवाय तिच्या हाताची मूठ आवळलेली आहे. माणूस अवघडला की ते आधी हातांत आणि पायांच्या बोटांत उतरते. त्यामुळे परीक्षण करताना मी चेहऱ्याआधी हात पाहतो.

रीटचिंगमध्ये, म्हणजे संगणकावरच्या डागडुजीत, तुम्ही त्वचेची रंध्रे पुसून टाकली आहेत. मित्राच्या खांद्यावरचे मातीचे डाग आणि जुना व्रण मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, आणि तोच त्या छायाचित्राचा जीव आहे. त्याला दिलेला न्याय तिलाही द्या. तात्पुरता मुरूम काढायला हरकत नाही. व्रण, सुरकुती किंवा पोटावरच्या रेषा ठेवायच्या की नाही हे जिचे शरीर आहे तिला विचारून ठरवावे, आणि शरीराचा आकार संगणकावर बदलू नये.

परीक्षणाचा खरा नमुना पाहायचा असेल तर एडवर्ड वेस्टन या अमेरिकी छायाचित्रकाराचे १९३६ चे एक प्रसिद्ध छायाचित्र पाहा. त्यांची मॉडेल चॅरिस विल्सन दारात उन्हामध्ये बसली आहे, मान खाली, चेहरा झाकलेला, गुडघे आणि दंड यांचा एक घट्ट आकार झालेला. जगभर नावाजलेल्या या छायाचित्रात वेस्टनना उजव्या दंडावरची सावली कायम खटकत राहिली, आणि चॅरिसला स्वतःचा वाकडा भांग आणि केसांतल्या पिना. छायाचित्रकार आणि मॉडेल दोघेही त्याच छायाचित्राकडे कामाच्या नजरेने पाहत होते, आणि तुमच्या मैत्रिणीचे मत तुम्ही एकदाही विचारलेले नाही, असे पत्रावरून वाटते. ती स्वतः चित्रकार आहे! क्लबातील दहा जणांपेक्षा तिचे मत अधिक मोलाचे ठरेल. विकृत वाटणारा आकारही ठरवून केलेला असेल तर तो टिकतो. बिल ब्रँट या ब्रिटिश छायाचित्रकाराने एका जुन्या लाकडी कॅमेऱ्याच्या अतिशय रुंद कोनाच्या लेन्सने हातपाय अवाढव्य आणि शरीर दूरवर गेलेले दाखवले, आणि ती छायाचित्रे १९६१ मध्ये पुस्तकरूपाने आली. तुमच्या दुसऱ्या छायाचित्रातला मोठा झालेला गुडघा मात्र खोली लहान होती म्हणून मोठा झाला आहे. खोली लहान असेल तर तेवढ्यात मावणारा शरीराचा भागच घ्या, पण लेन्स ५० ते ८५ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवा.

सरावासाठी पुढचे काही महिने कोणाचेही नग्न छायाचित्र काढू नका, असे मी सुचवीन. खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर तुमच्याच जिल्ह्यात आहे. तेथील स्वर्गमंडपाच्या गोल उघड्या छतातून ऊन आत उतरते आणि दिवसभर सरकत राहते. एकाच मूर्तीजवळ सकाळपासून दुपारपर्यंत बसून दर अर्ध्या तासाने एक छायाचित्र घ्या, म्हणजे एकाच दंडाची गोलाई कोणत्या उन्हात उठते आणि कोणत्या उन्हात सपाट होते हे डोळ्यांना कळेल. दगड अवघडत नाही आणि तक्रारही करत नाही. त्यानंतर एक दिवा, एक लेन्स आणि फक्त हात किंवा पाठ, एवढ्यावर काम करा, आणि पेन्सिलीने रेखाटने काढून आकार आधी कागदावर ठरवा. आपल्याकडे ही शिस्त नवी नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९२० च्या सुमारास विवस्त्र मॉडेलवरून अभ्यासाचा लाइफ क्लास सुरू केला, तेव्हापासून महाराष्ट्रातील कित्येक चित्रकार याच अभ्यासातून गेले आहेत.

आता परवानगीविषयी. क्लबात छायाचित्रे दाखवण्यापूर्वी, आणि मला पाठवण्यापूर्वी, तुम्ही त्या दोघांना विचारले होते का, याचा पत्रात उल्लेख नाही. छायाचित्र काढायला दिलेली संमती म्हणजे ते दाखवायला दिलेली संमती नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये हा भेद स्त्रियांच्या बाबतीत स्पष्ट केलेला आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई कोणत्याही व्यक्तीच्या खासगी अवयवांचे छायाचित्र तिच्या संमतीविना काढणे किंवा पसरवणे गुन्हा ठरवते. म्हणून काढणे, छापणे, प्रदर्शनात लावणे, पोर्टफोलिओत ठेवणे आणि इंटरनेटवर टाकणे या प्रत्येक गोष्टीची संमती लेखी आणि वेगवेगळी घ्या. मॉडेलचे वय कागदपत्रावरून तपासा. १८ वर्षांखालील व्यक्तीचा विचारही करायचा नाही. छायाचित्रणाच्या वेळी मॉडेलने निवडलेली तिसरी व्यक्ती उपस्थित असावी, अंगावर घ्यायला गाऊन हाताशी असावा, खोलीत थंडी नसावी (अंगावरचा काटा छायाचित्रात दिसतो), आणि उभे कसे राहावे हे स्पर्श न करता स्वतः उभे राहून दाखवावे. मॉडेलने मध्येच ‘आज नको’ म्हटले तर काम तिथेच थांबते.

न्यायालयांची भूमिका तुम्हाला धीर देणारी आहे, पण तिच्या भरवशावर निष्काळजी होऊ नये. १९५४ मध्ये चित्रकार अकबर पदमसी यांच्यावर मुंबईतील प्रदर्शनातील चित्रांवरून अश्लीलतेचा खटला झाला आणि ते त्यातून निर्दोष सुटले. २०१४ मध्ये टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्यांची वाग्दत्त वधू यांच्या नग्न छायाचित्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुनी इंग्रजी हिकलिन कसोटी (सहज बिघडू शकणाऱ्या मनावर काय परिणाम होईल यावरून अश्लीलता ठरवणारी) बाजूला ठेवून समकालीन समाजाचे मापदंड आणि छायाचित्राचा संदर्भ पाहावा, असे म्हटले. परंतु ते छायाचित्र १९९३ मध्ये छापले गेले होते. एकवीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढणे कोणत्याही स्वतंत्र छायाचित्रकाराला परवडत नाही. इन्स्टाग्रामही नग्न चित्रे आणि शिल्पे चालवून घेते, पण नग्न छायाचित्रे कलात्मक असली तरी काढून टाकते. त्यामुळे या कामाचे ठिकाण छापील प्रिंट आणि प्रदर्शनाची भिंत हेच राहते.

केवळ नग्न छायाचित्रणावर घर चालवणारी व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही आणि तशी अपेक्षा ठेवून यात उतरू नये. छायाचित्रकार प्रबुद्ध दासगुप्ता यांचे उदाहरण घ्या. ते छायाचित्रण कोठे शिकले नव्हते. जाहिरातींचे लेखन करता करता त्याकडे वळले, फॅशन आणि जाहिरातींवर त्यांचा व्यवसाय चालला, आणि शहरी भारतीय स्त्रियांच्या नग्न छायाचित्रांचे त्यांचे पुस्तक १९९६ मध्ये आले ते या व्यवसायाच्या जोरावर. त्वचेवरची छटा आणि आकाराची गोलाई उजेडातून उठवण्याचे कौशल्य दागिने, साड्या, व्यायामशाळांच्या जाहिराती आणि शिल्पकारांच्या कामाचे दस्तावेजीकरण या सर्वांना लागते, आणि त्याचे चांगले पैसेही मिळतात. कोल्हापुरी साज घासून येणाऱ्या उजेडात नीट टिपता आला तर सराफ तुम्हाला शोधत येतील. पुढे शिकायचे असेल तर राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर केंद्रातील फोटोग्राफी डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पाहा. अन्यथा मुंबईत एखाद्या फॅशन किंवा उत्पादन छायाचित्रकाराकडे दोन वर्षे सहायक म्हणून काम करा. पोर्टफोलिओत वीस छायाचित्रे असतील तर नग्न छायाचित्रे चारपाचच ठेवा.

घरी सांगावे, आणि दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्यापूर्वी सांगावे. मात्र सुरुवात मित्राच्या पाठीच्या छायाचित्राने करा, मैत्रिणीची छायाचित्रे तिच्या परवानगीशिवाय घरीही दाखवू नका, आणि बोलताना मिळकत कशातून येणार याचा कागद सोबत ठेवा, कारण पालकांचा पहिला आक्षेप नग्नतेवर असला तरी दुसरा प्रश्न पैशांचाच असतो.

तुम्ही पाठवलेल्या फायली पाहून झाल्यावर मी काढून टाकल्या आहेत. नवी छायाचित्रे दाखवायची असतील तर दोघांची लेखी संमती घेऊन आठ गुणिले दहा इंचांचे प्रिंट घेऊन या. मोबाइलच्या पडद्यावर सावलीतल्या छटा नीट तपासता येत नाहीत.