बागेची चित्रं आणि ग्राफिक डिझाइन : सुरुवात करताय?

चित्रं काढणं आणि ती छापण्यासाठी डिझाइन करणं, दोन्ही जमेल. पण पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पहिल्याच दिवशी अख्खा देखावा काढायला बसू नका. जास्वंदीची एकच फांदी धरा: कळी, फूल, पानाची मागची बाजू, देठ फांदीला कुठे जुळतो ते.

- जलरंगासाठी कागद ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड). पातळ कागद पाण्याने फुगतो, रंग खळग्यांत साचतो.
- ट्यूबमधला तयार हिरवा तसाच लावलात की बाग प्लास्टिकची दिसते. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि लेमन यलो मिसळा, किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घाला.

छपाईत बहुतेकांची फजिती होते. स्क्रीनवरचा झगझगीत राणी रंग कागदावर मळकट उतरतो. म्हणून चित्र ६०० डीपीआयला (एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन करा, फाइल आधीच सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) बघा, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग) ठेवा आणि प्रूफ (नमुना छपाई) बघितल्याशिवाय हजार कार्डं छापायला टाकू नका.

पैशांचं बोलायला लाजू नका. ऑर्डरवर, पैसे घेऊन काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळं काही ठरलं नसेल तर, भारतात ऑर्डर देणाऱ्याकडे जातो. तेव्हा चित्र कशावर छापणार, किती काळ, हे कामाआधीच लिहून घ्या.

व्हेक्टर (कितीही मोठं केलं तरी न फाटणारं संगणकी रेखाटन), रिपीट पॅटर्न (पुन्हा पुन्हा जुळत जाणारी नक्षी) सध्या राहू द्या. आधी वीसेक फांद्या होऊ देत.