बजरीगर सकाळपासून पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलाय. उद्यापर्यंत वाट बघू की आजच डॉक्टरकडे नेऊ?

आजच न्या, आणि शक्यतो पक्षी तपासण्याचा सराव असलेल्या पशुवैद्याकडे. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात. तळाशी बसला म्हणजे दांडी धरायचंही त्राण उरलेलं नाही. निघण्याआधी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा: साधारण ३० ते ४० ग्रॅम असतं, नेहमीपेक्षा ३-४ ग्रॅम कमी भरलं तरी गंभीर. हवा खेळणाऱ्या छोट्या खोक्यात, ३० अंशांच्या आसपास ऊब देऊन न्या. खाली पांढरा कागद घाला, ताजी विष्ठा डॉक्टर बघतातच. चोचीत पाणी किंवा औषध मुळीच ओतू नका, श्वासनलिकेत जातं (घरोघरी होणारी चूक हीच). मात्र पंख अंगापासून दूर धरून धापा टाकायला लागला, तर ऊब लगेच कमी करा.